सणांच्या वाटा, शहराचे रस्ते

नगर कोणी वसवले असे विचारले, तर शाळकरी मुलगाही सांगेल : मलिक अहमद निजामशहाने, १४९० साली. पण नगरच्या कोणत्या रस्त्यावर लोकांचा हक्क चालतो, हे पुष्कळदा सणांनी ठरवले आहे.

मोहरमचेच पाहा. कोठल्यातल्या बारा इमामांच्या सवाऱ्यांना नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात. या सवाऱ्या दिल्ली दरवाजातून निघून विसर्जनासाठी सावेडीच्या बारवेकडे जातात. सावेडी एके काळी वेशीबाहेरचे खेडे. आज ते भरवस्तीचे उपनगर आहे. चांद्र वर्षामुळे मोहरम दरसाल सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. कधी ऊन, कधी पाऊस; पण सवारीची वाट ठरलेली.

अनंत चतुर्दशीला माळीवाड्याच्या विशाल गणपतीचा मान पहिला. १८९३ नंतर लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले, तेव्हा घरातला देव चौकात आला. त्याबरोबर मेळे आले, व्याख्याने आली. ज्यांना सभागृह नव्हते, त्यांना चौक मिळाला.

आता आपल्या केडगावकडे येऊ. (दौंड तालुक्यातले केडगाव वेगळे.) येथील रेणुकामातेच्या दर्शनाला नवरात्रात नगरची माणसे पहाटेच पायी निघतात. त्यांत बायाबापड्या असतात, अनवाणी चालणारेही असतात. २००३ साली नगरची महानगरपालिका झाली. केडगाव आज तिचाच भाग आहे. पूर्वीची गावची वाट आता पुणे रस्त्याच्या रहदारीला येऊन मिळते. २०२४ साली जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. देवीची वाट मात्र तीच राहिली.

खरा प्रश्न इथेच आहे. शहराचा आराखडा करताना वाहने मोजली जातात; नवरात्रात पायी चालणारी माणसे कोण मोजतो? यात्रेचे दुकान, पाळणा, रांग यांना मोकळी जागा लागते. ती जागा एकदा बांधकामाखाली गेली की यात्रा रस्त्यावर येते, आणि मग आपणच म्हणतो, सणामुळे रहदारी अडली! लाउडस्पीकरचा गोंगाट किंवा रस्ताभर मांडव यांची बाजू मला घ्यायची नाही. पण जिथे नवरात्रात पायी माणूस निर्धास्त चालतो, तिथे वर्षभर शाळेची पोरे आणि म्हातारी माणसेही चालू शकतात. सणासाठी राखलेली जागा अशी बारा महिने सगळ्यांच्या उपयोगी पडते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)