टॅक कोणत्या रॉडने मारायचा?

फॅब्रिकेशनच्या धंद्यात टॅकला कोणी मान देत नाही. दोन पत्रे गुणियात धरायचे, हाताला येईल तो रॉड होल्डरला लावायचा, चार ठिकाणी चटका द्यायचा की झालं. खरं वेल्डिंग पुढेच आहे, अशी समजूत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रस, हॉपर, टाक्या करण्यात माझी हयात गेली, पण ही समजूत मला कधी पटली नाही. शिंपी कच्चा टाका शेवटी उसवून टाकतो. आमचा टॅक मात्र पक्क्या वेल्डच्या पोटात कायमचा राहतो. म्हणून तो कोणत्या रॉडचा, हे पाहिलंच पाहिजे. रॉडचा इतिहास माहीत असला की हे पाहणं सोपं जातं.

हा इतिहास खरं तर लेपाचा आहे; आतली तार बहुतेक वेळा साध्या, कमी कार्बनच्या पोलादाचीच. रशियात निकोलाय बेनार्दोस यांनी १८८०च्या दशकात कार्बनच्या कांडीने आर्क पेटवून धातू जोडला. १८८८ साली निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी धरली आणि ती वितळून सांध्यात उतरू लागली. पण तार उघडी होती. वितळलेल्या थेंबाला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन थेट भिडे. आर्क सारखा तुटे, सांधा सच्छिद्र आणि ठिसूळ होई.

यावर तोड काढली स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी. हा माणूस आगबोटींवर काम केलेला इंजिनिअर. त्या काळचे बॉयलर रिव्हेट मारून जोडलेले असत आणि गळायला लागले की दुरुस्ती धड होत नसे. शेलबर्ग यांनी लोखंडी तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट मिश्रणात बुडवून वाळवली. आर्कमध्ये हा लेप जळला की वायूचं आवरण तयार होतं आणि वितळलेल्या धातूवर स्लॅगचं पांघरूण पडतं. १९०४ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी इसाब कंपनी काढली आणि १९०७ साली लेपाच्या रॉडचं पेटंट घेतलं. आज रस्त्याकडेला ग्रिल जोडणारा पोरगाही ज्या रॉडवर पोट भरतो, त्याचं मूळ हे. माझ्या लेखी या माणसाचं नाव प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर असायला हवं.

पुढे लेप बदलत गेले. इंग्लंडमध्ये आर्थर स्ट्रोमेंगर यांनी तारेला ॲस्बेस्टॉसचा दोरा गुंडाळला. अमेरिकेत १९२०च्या दशकात सेल्युलोज आलं, आणि त्याच वंशातले आजचे ६०१० आणि ६०११ या क्रमांकांचे रॉड. हे खोल घुसतात, धातू झटकन गोठतो, गंज किंवा रंग थोडा राहिला तरी निभावतात. पाइपलाइनवाले मुळाचा पास यानेच घेतात. ६०१० ला डीसी लागतो, ६०११ एसीवरही चालतो.

आपल्याकडे मात्र राज्य आहे रुटाइलचं, म्हणजे ६०१३चं. भारतीय मानकाप्रमाणे पुड्यावर 'ईआर' अशी अक्षरं दिसतात, त्यातला 'आर' रुटाइलचा. १९५१ साली मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन सुरू झाली आणि देशी रॉडचा मोठा कारखाना उभा राहिला. रुटाइल म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची वाळू. ती केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मिळते. पण रुटाइल रुजलं त्याचं मोठं कारण आमच्या शेडमध्येच होतं. तेलात बुडवलेला एसीचा ट्रान्सफॉर्मर! त्याच्या कमी व्होल्टवर ६०१३ बिनतक्रार पेटतो, विझवून पुन्हा टेकवला तरी लगेच धरतो. टॅकचं काम म्हणजे सतत पेटवणं आणि विझवणं. पातळ पत्र्याला, चौकोनी पाइपला, ग्रिलला म्हणूनच अडीच एमएमचा ६०१३ घ्यावा. ७० ते ८० अँपिअरला पत्रा न जळता टॅक बसतो.

जाड प्लेट आली की हिशेब बदलतो. टॅक हा सर्वांत छोटा वेल्ड, त्यामुळे त्याची उष्णता भोवतालचं थंड लोखंड क्षणात ओढून घेतं. इतक्या घाईने थंड झालेलं पोलाद कडक होतं, आणि त्यात लेपातल्या ओलाव्याचा हायड्रोजन अडकला तर तडा जातो, कधी तर काही तासांनी. वेल्डमधला छोटा दोष काय करू शकतो हे १९४३च्या जानेवारीत जगाने पाहिलं. अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं 'शेनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज कडकन दुभंगलं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, त्यात डेकच्या कडेचा सदोष वेल्ड. आणि अखंड वेल्ड केलेल्या सांगाड्यात तडा अडवायला रिव्हेटचा सांधाही नव्हता.

जाड आणि जास्त ताकदीच्या पोलादाला म्हणूनच बेसिक लेपाचा, कमी हायड्रोजनचा ७०१८ घ्यावा. तो नखरेल आहे हे खरं. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर नीट धरत नाही, आणि एकदा विझला की टोकावर काचेसारखी स्लॅग बसते. ती फोडल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पोरं कंटाळतात आणि टॅकपुरता ६०१३ उचलतात. मी तो हातातून काढून घेतो. पक्का वेल्ड ७०१८चा असेल तर टॅकही ७०१८चाच, आणि तोही ओव्हनमधून गरम काढलेला. उघड्या पुड्यातला दमट रॉड असेल तर ७०१८ घेऊन काय मिळवलं? प्लेट जाड असली तर आधी टॉर्चने शेकून घ्यायची. टॅकही ठिपक्याएवढा नको, दोन इंच लांब ओढायचा आणि शेवटचा खड्डा भरूनच आर्क तोडायचा. तडकलेला टॅक दिसला तर त्यावरून वेल्ड चढवायचा नाही. ग्राइंडरने मुळापर्यंत काढायचा, जुळणी सुटली तर सुटू द्यायची, आणि गुणिया लावून नव्याने मारायचा.