पित्तरसावरील संशय

‘पित्त झाले’ असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात छातीतील जळजळ असते. यकृतात तयार होणारा पित्तरस निराळा. त्यातील आम्ले अन्नातील स्निग्धांश पचविण्यास साहाय्य करतात. अशा उपकारक द्रव्यावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संशय यावा, ही हकीकत विलक्षणच म्हटली पाहिजे.

पित्ताम्लांच्या घटनेचा शोध घेतल्याबद्दल जर्मन रसायनज्ञ हाइन्रिख वीलांट यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९३३ मध्ये त्यांनी व एलिझाबेत डाने यांनी डिऑक्सिकोलिक या पित्ताम्लापासून मेथिलकोलॅन्थ्रीन नावाचे द्रव्य सिद्ध केले. ते अत्यंत जहाल कर्करोगकारक निघाले! मग शरीर स्वतःच आपल्या पित्तातून हे विष निर्माण करीत असेल काय? १९४० साली कुक आणि केनवे पतिपत्नी यांनी डिऑक्सिकोलिक आम्लच उंदरांना टोचले, तेव्हा काहींच्या अंगी अर्बुदे उद्भवली. प्रयोगशाळेतील ते रूपांतर आतड्यात घडते, असे मात्र कधी सिद्ध झाले नाही. तर्क फसला, संशय तेवढा राहिला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

१९७१ मध्ये मायकेल हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका येथील लोकांच्या मलाची युगांडा, जपान व दक्षिण भारत येथील लोकांच्या मलाशी तुलना केली. विषय शिष्टसंमत नसेल, पण फलित मोलाचे होते. ज्या देशांत हा रोग अधिक, तेथे मलातील पित्ताम्लेही अधिक आढळली.

याचे कारण आहारात शोधावे लागते. स्निग्ध अन्न वाढले की पित्तही अधिक स्रवते. त्यातील सुमारे ९५ टक्के आम्ले लहान आतडे परत शोषून घेते. उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात, आणि तेथील जंतू त्यांचे डिऑक्सिकोलिक आम्लासारख्या दाहक द्रव्यांत रूपांतर करतात. अस्तरातील पेशी त्यामुळे दुखावतात. झीज भरून काढण्यासाठी त्या पुनःपुन्हा विभागतात, आणि तेथेच दोष शिरण्यास वाव मिळतो. १९७४ मधील प्रयोगांत असे दिसले की, दुसऱ्या कर्करोगकारक द्रव्याने आधी बाधलेल्या उंदरांत पित्ताम्लांमुळे अर्बुदांची संख्या वाढते. आगीत तेल ओतणे म्हणतात, तसाच हा प्रकार.

२०१५ मध्ये एका प्रयोगाचे वृत्त प्रसिद्ध झाले. वीस आफ्रिकी-अमेरिकनांना दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील भरपूर चोथ्याचे, अल्प स्निग्धांशाचे अन्न देण्यात आले, तर तेथील वीस ग्रामस्थांना अमेरिकी वळणाचे. अमेरिकनांच्या आतड्यातील जंतुनिर्मित पित्ताम्ले घटली, ग्रामस्थांची वाढली. प्रयोगाची मुदत अवघी पंधरवड्याची होती.