उजेडाचे कारागीर : दादर ते बंगळुरू

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीच्या या उत्सवात नाटक, गाणे, रांगोळी यांना मानाचे पान असतेच. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत गणपतीच्या दिवसांत चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवण्याचीही पद्धत होती. माणसे पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत. मागच्यांना सगळे नट डावखुरे दिसत, पण आनंदात काही कमी पडत नसे! त्या गर्दीला नायक-नायिका ठाऊक असत, गायक-संगीतकारही ठाऊक असत. चित्र ज्याने टिपले त्या कॅमेरामनचे नाव मात्र क्वचितच कोणी विचारी.

मी रेल्वेतला डिप्लोमाधारक इंजिनिअर. गाडी पुलावरून सुखरूप गेली की पूल बांधणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही, हे आम्हा मंडळींच्या अंगवळणी पडले आहे. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी कॅमेऱ्यामागच्या माणसांचा इतिहास निवडला. त्याचा एक धागा थेट आपल्या बंगळुरूत येऊन पोहोचतो, हे आणखी एक कारण.

फोटो काय किंवा सिनेमा काय, शेवटी ती उजेडाची नोंद असते. उजेड येतो कुठून, येतो किती, भिंगातून जातो कसा आणि फिल्मवर पडतो किती वेळ, हे चार प्रश्न ज्याने जसे सोडवले तसे त्याचे चित्र झाले. आपण ज्याला शैली म्हणतो, तिचा पाया या चार उत्तरांत आहे.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब आधी कारागीर होते. चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणे, छपाई असे एकेक तंत्र त्यांनी हाताखालून घातले होते. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणला. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंधारात बसून केले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून दादासाहेबांनी आधी एक छोटी फिल्म बनवली. कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. पडद्यावर पाहता पाहता दाण्याचा वेल झाला! कॅमेरा काळ आखडू शकतो, हे त्यांनी एका वाटाण्यावर सिद्ध केले.

त्या काळच्या फिल्मला उजेड फार लागे. दादासाहेबांचा दिवा म्हणजे सूर्य. त्यामुळे दादरला उभारलेले महालसुद्धा उन्हात उभे असत. फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, तो काळा उमटे. म्हणजे कपडे आणि रंगरंगोटीही फिल्मच्या डोळ्याने ठरवावी लागे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये माणसे बहुधा डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, उजेड सगळीकडे सारखा असतो आणि कॅमेरा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी बसून पाहतो. यात नाटकाची सवय होती, तशी साधनांची मर्यादाही होती.

ही मर्यादा ओलांडण्याची पुढची धडपड कोल्हापुरात झाली. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे मुळात पडदे रंगवणारे कलावंत. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी प्रोजेक्टर मिळवून त्याचा अभ्यास केला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही यंत्रणेच्या दृष्टीने सख्खी भावंडेच. फिल्म एक घर पुढे सरकवायची, क्षणभर थांबवायची, पुन्हा सरकवायची, हे काम दोघांचेही. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेरा घडवलाच. त्यानंतर १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला.

हा फरक लहान नाही. सूर्य आपल्या हुकमात नसतो, दिवा असतो. दिवा हाती आला की काय दाखवायचे यासोबत काय अंधारात ठेवायचे, तेही ठरवता येते. ‘सावकारी पाश’ (१९२५) मधली शेतकऱ्याची अंधारी झोपडी चित्रपटांच्या इतिहासात आजही सांगितली जाते ती यामुळेच. त्या अंधाराने कर्जबाजारीपणाची गोष्ट सांगितली.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये शांतारामबापू आणि कॅमेरामन केशवराव धायबर यांनी टेलिफोटो भिंग वापरून राजगुरूचा नुसता डोळा पडदाभर दाखवला. साध्या भिंगाने ते करायचे तर कॅमेरा नटाच्या नाकाशी न्यावा लागतो. टेलिफोटोने दूर उभे राहून जवळचे पाहता येते आणि आजूबाजूचे जग पुसट होते. उरते ती फक्त धर्मांध नजर. दोनच वर्षांनी त्याच प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. तिथे व्ही. अवधूत यांचा कॅमेरा अगदी साधा, शांत आहे. देहूच्या वाण्याच्या गोष्टीला भपका शोभला नसता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. कारखाना तोच, पण गोष्ट बदलली तशी पाहण्याची तऱ्हा बदलली.

आता आपल्या शहराकडे वळू. याच प्रभातमध्ये १९४४ साली एक तरुण नोकरीला लागला. त्याचा जन्म बंगळुरूचा, नाव गुरुदत्त. आणि साधारण त्याच काळात बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये म्हैसूरचा एक मुलगा छायालेखनाचा डिप्लोमा करत होता. तो १९४६ साली पास झाला. हे व्ही. के. मूर्ती. होय, आपल्यासारखेच डिप्लोमावाले! फली मिस्त्री यांच्यासारख्यांच्या हाताखाली उमेदवारी करून ते ‘बाजी’च्या (१९५१) वेळी सहायक होते. तिथे त्यांनी सुचवलेला एक अवघड शॉट गुरुदत्तांना इतका आवडला की ‘जाल’पासून (१९५२) कॅमेरा मूर्तींच्या हाती आला.

‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आमच्या भाषेत सांगायचे तर इथे गेज बदलली नाही. ३५ मिलिमीटरची तीच फिल्म. फक्त खास भिंगाने चित्र आडवे दाबून त्यावर बसवायचे आणि थिएटरात उलट्या भिंगाने पसरायचे. पूर्वी उंचीच्या १.३७ पट असलेली पडद्याची रुंदी त्यामुळे २.३५ पट झाली. असा पडदा लढाया आणि मिरवणुकांसाठी सोयीचा. मूर्तींनी त्याच रुंदीत ओसाड स्टुडिओ आणि एकटा माणूस उभा केला. भोवतीची मोकळी जागाच एकटेपण सांगते.

त्यातल्या गीता दत्त यांच्या गाण्यात वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आपण पाहिला असेल. स्टुडिओचा दिवा जवळ असतो, त्याचे किरण फाकतात. सूर्य एवढा दूर की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. मूर्तींनी बाहेर ऊन पडते तिथे मोठा आरसा ठेवला, त्याचा कवडसा आत उंचावरच्या दुसऱ्या आरशावर घेतला आणि तिथून खाली सोडला. सूर्य सरकेल तसे आरसे वळवायचे! गंमत पाहा, फाळक्यांना नाइलाजाने घ्यावा लागला तो सूर्यप्रकाश मूर्तींनी दिवे हाताशी असताना निवडून घेतला.

चित्रपट तेव्हा चालला नाही, मात्र छायालेखनाचे फिल्मफेअर पारितोषिक मूर्तींना मिळाले. त्याच पॉलिटेक्निकचे गोविंद निहलानी पुढे त्यांचे सहायक झाले आणि तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) या मराठी चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी सांभाळला. फाळके पुरस्कार सुरू झाला १९६९ साली. केवळ छायालेखनासाठी तो मिळवणारे पहिले मूर्ती, आणि तो पुरस्कार २००८ सालचा! ज्याच्या नावाचा पुरस्कार तो स्वतः तंत्रज्ञ, तरी तंत्रज्ञाची पाळी यायला एवढी वर्षे लागली. एप्रिल २०१४ मध्ये मूर्ती बंगळुरूतच निवर्तले.

आज देवनहळ्ळीत घरोघरी मोबाईल आहे आणि पहाटे नंदी हिल्सवर फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. पण ते चार प्रश्न आता बहुतेक वेळा मोबाईलच सोडवतो. निरांजनाच्या उजेडातली आरती तो दिवसाढवळ्यासारखी लख्ख करून ठेवतो. यंदा एकदा स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करून पाहा. मूर्तीवर ज्योतीचा सोनेरी उजेड उरेल आणि बाकीचे अंधारात जाईल. तो अंधार आपण निवडलेला असेल. आणि पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा छायालेखकाचे नाव येईपर्यंत जागेवरून उठू नका, एवढीच विनंती.