नाक दाबण्याआधी

‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण आपण मुलांना औषध पाजताना शब्दशः अमलात आणतो. औषध थुंकणारं पोर हट्टी आणि मुकाट गिळणारं गुणी, असा आपला सरळ हिशेब. या हिशेबाला पहिला धक्का एका अपघाताने बसला.

१९३१ साली अमेरिकेत विल्मिंग्टन इथे ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनतज्ज्ञ पीटीसी नावाची पूड बाटलीत भरत होते. थोडी पूड हवेत उडाली. जवळचा सहकारी ‘केवढी कडू!’ म्हणून कुरकुरला. फॉक्सना काहीच चव लागेना. मग दोघांनीही पूड जिभेवर ठेवून पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला बेचव!

हा फरक घराण्यांतून उतरतो हे लवकरच कळलं; त्यामागचं मुख्य जनुक, टीएएस२आर३८, मात्र २००३ साली सापडलं. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या जूली मेनेला आणि सहकाऱ्यांनी मुलं आणि त्यांच्या आया यांची चव एकत्र तपासली. ज्यांना कडू ओळखणारा जनुकप्रकार आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळालेला होता, त्यांच्यात मुलांना मोठ्यांपेक्षा सौम्य कडूपणाही जाणवत होता. म्हणजे जनुकं तीच, पण जीभ लहानपणी अधिक तिखट.

प्रत्येक औषधाचा कडूपणा या एकाच जनुकावर ठरत नाही, हे खरं. तरीही चमचा चाटून ‘कुठे कडू आहे?’ म्हणणारी आई खोटं बोलत नसते. आणि रडणारं पोरही नसतं.