सेवकाची पारख

नोकरीसाठीं अर्ज करणारा मनुष्य आपल्याविषयीं जें सांगतो तें बहुधा खरेंच असतें. पण तेवढेंच सर्व असतें असें नाहीं. म्हणून आजची एखादी कंपनी त्याचीं प्रमाणपत्रें पडताळते, पूर्वींच्या धन्याकडे विचारपूस करते, क्वचित् पोलिसांचा दाखलाही मागते. हा प्रकार पुष्कळांस अपमानाचा वाटतो, आणि तो पाश्चात्त्य कचेऱ्यांबरोबर आला असावा असा समजही आढळतो. परंतु तंजावराकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेली आणि शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेली कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी उघडावी, तों पहिल्याच अधिकरणांत या प्रश्नाचा ऊहापोह सांपडतो.

राजानें अमात्य कोणास नेमावें? भारद्वाज म्हणे, सहाध्यायांस. त्यांची सचोटी व कर्तबगारी त्याला ठाऊक असते. विशालाक्षास हें पटेना. बरोबर खेळलेले सोबती राजाला जुमानणार नाहींत. कौणपदंतास पिढीजात सेवक हवे होते, कारण त्यांचें वागणें पाहिलेलें असतें. वातव्याधीच्या मतें असे सेवक सर्वस्व बळकावून धनीच होऊन बसतात. तेव्हां नवीं माणसें घ्यावीं. ओळखीचा मनुष्य डोईजड होतो आणि अनोळखी मनुष्य कळत नाहीं, ही खरी अडचण. कौटिल्य यांपैकीं कोणालाच खोटें ठरवीत नाहीं. काम करण्याच्या शक्तीवरून मनुष्याची योग्यता ठरवावी, असें म्हणून तो चौकशीची रीत सांगतो. त्याचा देश विश्वासू लोकांकडून जाणावा, विद्या त्याच विद्येच्या जाणकारांकडून तपासावी, शील व आरोग्य सहवासांतील माणसांस विचारावें. उमेदवाराच्या स्वतःच्या शब्दावर येथें कांहींच सोंपविलेलें नाहीं.

इतकी खबरदारी कां, याचें उत्तर दुसऱ्या अधिकरणांत आहे. तेथें अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत. पाण्यांतला मासा पाणी पितो कीं नाहीं हें जसें दिसत नाहीं, तसेंच कामावरच्या माणसाचें. किल्ल्या एकदां हातीं गेल्या कीं चौकशीला उशीर झालेला असतो.

पुढें चार 'उपधा', म्हणजे छुप्या कसोट्या येतात. बडतर्फीचें सोंग केलेला पुरोहित धर्माच्या नांवानें फितवितो, सेनापति धनाचें आमिष दाखवितो, एक परिव्राजिका राणीच्या प्रेमाचा खोटा निरोप आणते, आणि चौथ्या कसोटींत कैदेचें भय घालून कटाला प्रवृत्त करतात. धर्माच्या कसोटीस उतरेल तो न्यायाच्या कामावर, धनाच्या कसोटीस उतरेल तो करवसुली व खजिन्यावर. चारही जिंकील तो मंत्री. सर्वांत जो हरेल त्याची रवानगी खाणी, अरण्यें व कारखाने यांवर! खजिन्यांतलें सोनें प्रथम खाणींतूनच निघतें, हें ग्रंथकाराला ठाऊक असतांही अशी नेमणूक सांगितलेली पाहून नवल वाटतें.

ही व्यवस्था पूर्वाचार्यांची. तिला कौटिल्यानें स्वतःची जी पुस्ती जोडली आहे, ती अधिक मोलाची. अशा कसोट्यांत राजा किंवा राणी यांस लक्ष्य करूं नये, असें तो बजावतो. निमित्त बाहेरचें असावें. निर्दोष मनुष्याला नासविणें म्हणजे शुद्ध पाण्यांत विष कालविणें होय. आणि एकदां बिघडलेल्या मनाला औषध मिळेलच असें नाहीं. राजद्रोहाचा विचार ज्याच्या मनांत कधीं डोकावलाही नव्हता, त्याच्या कानीं तो राजानेंच घातलेला असतो. त्या रात्रीं तो अमात्य घरीं गेला, कीं नकार देऊन आलेला असला तरी तो विचार त्याच्याबरोबर घरीं जातो.