दोन नोंदींमधली वजाबाकी

जुलै १९७३ मध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या टेनेक्स संगणकांवर किती ताण होता, हे आरएफसी ५४६ या छोट्या टिपणात आजही वाचता येतं. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या बीबीएन कंपनीत घडलेली टेनेक्स ही प्रणाली एकाच यंत्रावर अनेकांना काम करू देई, त्यामुळे आत्ता गर्दी किती आहे हा प्रश्न सगळ्यांनाच पडे. त्याचं उत्तर एका आकड्यात मिळे, तो म्हणजे लोड ॲव्हरेज. एकच प्रोसेसर असलेल्या यंत्राची तासाभराची सरासरी १० आली, तर त्या तासात कधीही पाहिलं तरी साधारण एक काम चालू आणि नऊ रांगेत उभी, असा त्याचा अर्थ. पुढे युनिक्समध्येही हा आकडा आला. 'अपटाइम' ही कमांड अजूनही १, ५ आणि १५ मिनिटांच्या सरासऱ्या दाखवते.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांचं, म्हणजे डीबीएंचं, मात्र तेवढ्यावर भागेना. डेटाबेस अनेकदा प्रोसेसरसाठी नव्हे, डिस्कसाठी खोळंबतो. १९९३ मध्ये माथियास उर्लिक्स यांनी लिनक्सच्या लोडमध्ये अशी डिस्कची वाट धरली जात नाही, ही उणीव दाखवून दिली. वेगवान डिस्क काढून संथ डिस्क बसवली, तर मशीन रेंगाळतं आणि लोड मात्र कमी दिसतो! डिस्कची वाट पाहत अडकलेली कामंही तेव्हापासून लिनक्सच्या लोडमध्ये धरली जातात.

खरी कारागिरी पुढेच आहे. ओरॅकलसारखा डेटाबेस आत शेकडो मोजण्या ठेवतो. डिस्कवरून किती ब्लॉक वाचले, किती वेळा थांबावं लागलं, अशा. पण हे आकडे डेटाबेस सुरू झाल्यापासूनचे असतात आणि वीजमीटरसारखे नुसते चढत जातात. सकाळी दहा ते अकरा काय झालं, हे कळायला दोन रीडिंग हवीत आणि त्यांची वजाबाकी हवी.

नव्वदच्या दशकात डीबीएंच्या हाताशी यासाठी एसक्यूएल स्क्रिप्टची एक जोडी असे, 'यूटीएलबीस्टॅट' आणि 'यूटीएलईस्टॅट'. गर्दीची वेळ सुरू होताना पहिली चालवायची. ती सगळे आकडे तात्पुरत्या टेबलांत उतरवून ठेवी. गर्दी ओसरली की दुसरी चालवायची. ती पुन्हा आकडे घेई, फरक काढी, 'रिपोर्ट.टीएक्सटी' ही फाइल लिही आणि टेबलं पुसून टाकी. मधेच डेटाबेस बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर मोजण्या शून्यापासून सुरू होत आणि सगळी वजाबाकी वाया जाई. शिवाय टेबलं पुसली जात असल्याने मागच्या सोमवारची तुलना करायची तर जुनी रिपोर्ट फाइल जपलेली असावी लागे. ज्यांनी अशा फाइली तारीखवार जपल्या, त्यांच्याकडेच आपल्या सर्व्हरचा इतिहास राहिला.

ओरॅकल ८.१.६ बरोबर आलेल्या स्टॅट्सपॅकने ही नोंद कायमच्या टेबलांत ठेवायला सुरुवात केली. १०जी आवृत्तीपासून ओरॅकलचंच एडब्ल्यूआर हे साधन दर तासाला आपणहून नोंद घेऊ लागलं. त्याला वेगळा परवाना लागतो, म्हणून स्टॅट्सपॅक अजूनही वापरात आहे.

डेटाबेसच्या साधनांवरच्या मर्यादांची तपासणी वेगळी. तिथे सरासरी कामाची नाही, सर्वांत वरची रेघ पाहावी लागते. ओरॅकलच्या 'व्ही-डॉलर-रिसोर्स-लिमिट' या व्ह्यूत प्रत्येक साधनासमोर आत्ताचा वापर, डेटाबेस सुरू झाल्यापासूनचा कमाल वापर आणि मर्यादा असे आकडे असतात. प्रोसेसच्या ओळीत आत्ता ९०, कमाल १५०, मर्यादा १५० दिसलं, तर मधे कधीतरी डेटाबेस काठोकाठ भरला होता आणि बहुधा कुणाला तरी 'ओआरए-०००२०' ही एरर येऊन परत फिरावं लागलं होतं. म्हणून ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून दर काही मिनिटांनी ही क्वेरी चालवायची आणि वापर मर्यादेच्या जवळ पोचताच मेल पाठवायचा, अशी छोटी शेल स्क्रिप्ट कित्येक डीबीएंनी स्वतः लिहून ठेवलेली असते.

सगळी कनेक्शन भरल्यावर तपासायला आत शिरायचं कसं, हा प्रश्न उरतोच. पोस्टग्रेस सुपरयूझरसाठी तीन जागा राखून ठेवतो. मायएसक्यूएल ठरलेल्या संख्येवर एक जादा कनेक्शन प्रशासकाला देतो. पण ॲप्लिकेशनच प्रशासकाच्या खात्याने जोडलेलं असेल, तर तीही जागा तेच बळकावतं. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून प्रशासकासाठी वेगळा पोर्ट उघडता येतो, आणि कनेक्शनची मर्यादा त्याला लागू होत नाही.