ग्राही रेणूंचे एकेकटे चित्रण

ग्राही रेणूंचे एकेकटे चित्रण : जिवंत पेशीच्या पटलावरील ग्राही रेणू सुटे सुटे पाहण्याचे तंत्र. बाहेरचा रेणू पकडून त्याचा निरोप किंवा तो रेणूच पेशीच्या आत पोहोचवणारे प्रथिन म्हणजे ग्राही.

तत्त्व : प्रकाशसूक्ष्मदर्शकातून सु. २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. रात्री पारोळ्याकडून धुळ्याला येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे लांबून एकच वाटतात, तसे. म्हणून चमकणारे रेणू विरळ ठेवतात आणि काचेलगतचा सु. १०० नॅनोमीटरचा थर तेवढा उजळतात. ठिपका एकाच रेणूचा असेल तर तो मंदावत जात नाही, एका झटक्यात विझतो. पडद्यावर ही पायरी स्पष्ट दिसते. तीच खरी खूण.

इतिहास : २००० साली जपानमध्ये साको, यानागिदा प्रभृतींनी ईजीएफ या वाढीच्या घटकाचे रेणू जिवंत पेशीवर एकेक करून पाहिले. पहिला रेणू जोडीतल्या ग्राहींवर बसतो आणि दुसरा मागाहून तिथेच येतो, असे त्यांना बहुतांशी आढळले.

भारतातील कार्य : मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्र शिकलेले सत्यजित मेयर यांचे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील काम मूलगामी आहे. त्यांनी फोलेटचा ग्राही निवडला. (फोलेट म्हणजे मेथी-पालकातले, गर्भाच्या वाढीला लागणारे ब जीवनसत्त्व.) चमकणारे रेणू अगदी शेजारी आले की आपसांत ऊर्जा देतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण घटते. ग्राही विखुरलेले असते तर त्यांची दाटी बदलताच ध्रुवीकरणही बदलले असते. ते बदलले नाही. म्हणजे विरळ पटलावरही ग्राही पुंज करून होते. रजत वर्मा व मेयर यांनी १९९८ मध्ये हे पुंज ७० नॅनोमीटरहून लहान असल्याचे दाखवले. २००४ च्या मापनात एका पुंजात जेमतेम चारपर्यंत रेणू निघाले, बाकीचे बहुसंख्य एकटे. काटेकोर अर्थाने हे एकरेणू चित्रण नव्हे, पण सुटा ठिपका पाहून कळले नसते ते यातून कळले. मेयर यांना २०१२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

मतभेद : पुंज कशामुळे बनतात, याबाबत एकमत नाही.

महाराष्ट्र : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त माईती यांच्या गटाने विझण्याच्या पायऱ्या मोजून प्रथिनपुंजातील रेणूंची संख्या काढली आहे.